फोटो पोचला पाहिजे : स्वस्त फोनचा कॅमेरा पारखताना

 

आजचा विषय रोजचाच आहे. आठ ते बारा हजारांत फोन घ्यायचा आहे. त्याचा कॅमेरा कामाचा आहे का, आणि फोन रोजच्या वापरात साथ देईल का, हे ओळखायचं कसं? इंटरनेटवर याची उत्तरं भरपूर सापडतात. पण तिथे कॅमेऱ्याची परीक्षा म्हणजे हॉटेलातलं ताट, रात्रीची रोषणाई, सहलीतले चेहरे. चंद्रपूर-गडचिरोलीतही आपण लग्नाचे, लेकरांचे फोटो काढतोच. पण इथे कॅमेऱ्यावर आणखी एक ओझं आहे. रोजगार हमीच्या कामावर फोटोने हजेरी लागते. ई-पीक पाहणीत उभ्या धानाचा फोटो द्यावा लागतो. घरकुलाचा पुढचा हप्ता बांधकाम कुठवर आलं त्याच्या फोटोवर सुटतो. अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार चेहरा जुळल्यावर मिळतो.

थोडक्यात, फोटो ही आपल्याकडे पावती झालेली आहे. पावती देखणी नसली तरी चालते. ती वाचता आली पाहिजे, तिच्यावर तारीख आणि जागा बरोबर पाहिजे, आणि ती वेळेत पोचली पाहिजे. म्हणून कॅमेरा पारखायचा म्हणजे फोटो काढण्यापासून तो पोचेपर्यंतची सगळी वाट पारखायची. या वाटेवर पाच टप्पे आहेत : दिसणं, टिपणं, जागा नोंदवणं, साठवणं आणि पाठवणं. एक जरी अडला तरी बाकीचे चार वाया.

लाखभर फोन परत का गेले

आधी आपल्याच राज्यात घडलेली गोष्ट. पोषण अभियानात २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारकडून फोन मिळाले. एक लाखाच्या वर फोन, रॅम २ जीबी. त्या वेळी ‘कॅस’ नावाचं ॲप होतं, त्यावर काम सुरू झालं. मग १ मार्च २०२१ ला केंद्र सरकारने त्याच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ आणलं. फोन तेच राहिले, ॲप बदललं. फोन तापू लागले, मध्येच अडकू लागले, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी आला, आणि वर ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी राज्यभर हे फोन परत करायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी याला ‘मोबाइल वापसी’ म्हटलं.

या गोष्टीत कॅमेरा कुठेच नाही, असं वाटेल. पण आपल्या विषयाचा पाया इथेच आहे. फोन ज्या दिवशी घेतला त्या दिवशीच्या ॲपला तो पुरत होता. दोन वर्षांनी जे ॲप आलं त्याला पुरला नाही. आपण फोन तीन-चार वर्षं वापरतो. तेव्हा आजच्या कामाला ‘बरोबर पुरेल’ असा फोन घेतला, तर उद्या तो कमी पडणार हे धरून चला.

आणि काम वाढतच गेलं आहे. रोजगार हमीच्या हजेरीचं एनएमएमएस ॲप मे २०२१ मध्ये आलं. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामं सोडून, सगळ्या सार्वजनिक कामांवर ते सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा कामावरच्या मजुरांचा, वेळ आणि जागेसकट, फोटो. अंगणवाडीत १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. हा फोन ज्याच्या हातात आहे त्याच्या एकट्याचं काम त्यावर चालत नाही. मेटच्या फोनवर वीस-पंचवीस जणांची मजुरी अवलंबून असते. फोटो चढला नाही तर ‘तू आलीस’ याचा पुरावाच राहत नाही.

मेगापिक्सेलचं गणित

आता डब्यावर छापलेला मोठा आकडा घेऊ. ‘५० मेगापिक्सेल’. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. ५० मेगापिक्सेल म्हणजे पाच कोटी. ठिपके जास्त तर फोटो चांगला, असं दुकानदार सांगतो.

पण ते ठिपके ज्या चिपवर बसवलेले असतात, तो सेन्सर स्वस्त फोनमध्ये नखापेक्षाही लहान असतो. पाऊस पडतोय आणि अंगणात भांडी ठेवली आहेत असं समजा. अंगण तेवढंच. त्यात बारा घमेली ठेवली काय किंवा पन्नास वाट्या ठेवल्या काय, एकूण पाणी तेवढंच जमणार. उलट एकेका वाटीत थेंब-थेंबच पडणार. प्रकाशाचंही तसंच. म्हणून हे फोन स्वतःच शेजारच्या चार ठिपक्यांचा एक ठिपका करतात आणि ५० चा फोटो साडेबाराचा करून ठेवतात. त्यात फसवणूक नाही, उलट शहाणपण आहे. फक्त ५० हा आकडा पाहून जास्त पैसे मोजू नका.

दुसरी गोष्ट मागच्या दोन-तीन डोळ्यांची. त्यातला एक खरा कॅमेरा असतो. उरलेले पुष्कळदा २ मेगापिक्सेलचे, ‘मॅक्रो’ किंवा ‘डेप्थ’ नावाचे. कामाला ते फारसे येत नाहीत. तीन डोळ्यांच्या फोनपेक्षा एकच बरा डोळा आणि जास्त रॅम असलेला फोन केव्हाही चांगला.

कॅमेरा कामावरून कसा पारखावा, याचं उत्तम उदाहरण ताडोब्याच्या जंगलात झाडांना बांधलेलं आहे. कॅमेरा ट्रॅप. समोरून ऊबदार अंग हललं की तो आपोआप फोटो घेतो. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशी जोडी लावतात. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत अशा २६,८३८ जागी कॅमेरे लावले होते आणि त्या मोजणीची नोंद गिनीज बुकात झाली. ते फोटो कुणी भिंतीवर लावणार नाही. पण कॅमेरा नेमक्या क्षणी चालला का, पट्टे मोजता येतात का, आणि बॅटरी टिकली का, एवढं त्याला विचारलं जातं. आपल्या फोनलाही हेच विचारायचं.

दुकानातच करायच्या चार परीक्षा

पहिली, उजेडाकडे पाठ. कुणाला तरी दुकानाच्या दारात उभं करा, त्याच्या मागे रस्त्यावरचं ऊन. आतून फोटो काढा. चेहरा काळा ठिक्कर आला का? स्वस्त कॅमेरा मागच्या उजेडाला भुलतो आणि माणसाला अंधारात टाकतो. सावळ्या चेहऱ्यांच्या बाबतीत हा दोष अधिक दिसतो. मग पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा आणि पुन्हा काढा. आता चेहरा उजळला तर फोन चालेल. नाही उजळला तर अंगणवाडीच्या दारात, कामावरच्या उन्हात तो रोज त्रास देणार.

दुसरी, बारीक अक्षर. सातबारा, जातीचा दाखला, काहीच नसेल तर औषधाच्या गोळ्यांची पट्टी घ्या. वीतभर अंतरावरून फोटो काढा. मोठा करून बघा. मधलं अक्षर वाचता येतं का, आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यांतलं वाचता येतं का? स्वस्त भिंग कोपऱ्यांत कच खातं. सामूहिक वनहक्काच्या दाव्याला जोडायचे जुने कागद, बँकेचं पासबुक, सगळं आता फोनच्याच कॅमेऱ्यातून जातं. शिक्क्यातलं गाव वाचता आलं नाही तर तो कागद परत येतो.

तिसरी, हालचाल. समोरच्याला हात हलवायला सांगा आणि बटण दाबा. दाबल्यानंतर फोटो घ्यायला फोन किती वेळ लावतो ते बघा. काउंटरखालच्या अंधुक जागेतही हेच करा. उजेड कमी झाला की फोन डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि तेवढ्यात लेकरू हललं तर फोटो पुसट. अंगणवाडीतलं लेकरू स्थिर बसत नाही, हे मी इथे सांगायला नको.

चौथी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती बहुतेक कुणी करत नाही. व्हॉट्सॲप उघडा, चार ओळी लिहा, पाठवू नका. मग नकाशा उघडा, ब्राउझर उघडा, त्यात दोन-चार पानं उघडा. परत व्हॉट्सॲपवर या आणि तिथूनच कॅमेरा उघडून फोटो काढा. लिहिलेलं जागेवर आहे का? व्हॉट्सॲप जिथे सोडलं होतं तिथेच आहे का, की पहिल्यापासून उघडलं?

याचं कारण समजून घ्या. रॅम म्हणजे फोनचं काम मांडायचं टेबल. कॅमेरा उघडला की त्याला मोठी जागा लागते. टेबल लहान असेल तर फोन आधीचं काम उचलून बाजूला टाकतो. तुम्ही फॉर्म भरत होतात, नाव, वजन, उंची, सगळं भरलं, ‘फोटो काढा’ म्हटलं, कॅमेरा उघडला. फोटो निघाला. परत आलात तर फॉर्म कोरा. पुष्कळांना वाटतं आपलंच बोट कुठेतरी चुकलं. बोट चुकलेलं नसतं, टेबल लहान असतं. म्हणून आज कामासाठी फोन घेत असाल तर खरी रॅम ४ जीबीच्या खाली घेऊ नका, ६ मिळाली तर उत्तम. ‘४ अधिक ४’ असं लिहिलेलं असतं त्यातले दुसरे चार हे साठवणीतून उसने घेतलेले असतात. ते संथ असतात. मोजताना पहिलेच चार मोजा.

जागा आणि जाळं

आता फोटोवरची जागा. एक गैरसमज काढून टाकू. जीपीएसला सिमकार्ड लागत नाही आणि नेटवर्कही लागत नाही. उपग्रह वरून संदेश पाठवतात, फोन तो नुसता ऐकतो. मग नेटवर्क नसलं की जागा सापडायला उशीर का होतो? कारण कुठला उपग्रह कुठे आहे हे वेळापत्रक फोन एरवी इंटरनेटवरून झटकन घेतो. नेटवर्क नसेल तर तेच वेळापत्रक उपग्रहाकडून घ्यावं लागतं, आणि ते फार संथ येतं. मोकळ्या आभाळाखालीही अर्धा मिनिट लागतो. साग, ऐन, बांबूच्या दाट सावलीत संदेश तुटत राहतो आणि कित्येक मिनिटं जातात.

यावर उपाय साधा आहे. फोटो काढण्याआधी मोकळ्या जागी या, लोकेशन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. उघड्यावर फोनची जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. धानाच्या बांध्या लहान असतात, धुऱ्यावर उभं राहिलात तर पाच मीटरमध्ये शेजाऱ्याच्या गटात जाल. म्हणून ई-पीक पाहणीचा फोटो बांधीच्या मधोमध उभं राहून काढा. दुकानात याची परीक्षा अशी : बाहेर रस्त्यावर या, सिम न टाकता लोकेशन सुरू करा, आणि नकाशावर निळा ठिपका यायला किती वेळ लागतो ते मोजा.

पुढचा टप्पा पाठवण्याचा. एक हिशेब करू. साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४ मेगाबाइटचा होतो. नेटवर्क घसरून जुन्या २जी वर आलं, सेकंदाला १०० किलोबिट मिळाले असं धरू. ४ मेगाबाइट म्हणजे ३२,००० किलोबिट. भागिले १००. तीनशे वीस सेकंद. एका फोटोला पाच मिनिटांहून जास्त, तेही मध्ये न तुटता. तोच फोटो ३०० किलोबाइटचा केला तर चोवीस सेकंद. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोचा आकार लहान करता येतो का, हे बघून ठेवा. कागदासाठी मोठा, बाकीच्या कामासाठी लहान.

नेटवर्कचा आणखी एक मुद्दा डब्यावर मोठ्या अक्षरात नसतो. प्रत्येक कंपनीची सेवा ठराविक पट्ट्यांवर चालते, त्याला बँड म्हणतात. कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा जास्त लांब जातो आणि झाडीतून बरा जातो. बीएसएनएलची ४जी सेवा ज्या पट्ट्यांवर आहे त्यात ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २८ आहे. गडचिरोलीच्या आतल्या कितीतरी गावांत मनोरा असेल तर तो बीएसएनएलचाच. फोनमध्ये बँड २८ नसेल तर मनोऱ्याखाली उभं राहूनही तुम्हाला तो पट्टा मिळणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर फोनच्या माहितीत ‘४जी बँड’ ही ओळ शोधा आणि त्यात २८ आहे का ते बघा. दुकानदाराला विचारलं तर तो तुमच्याकडे बघत राहील. बघू द्या.

ऊन, पाऊस आणि अंतर

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. चंद्रपूर, ब्रह्मपुरीची नावं देशातल्या सगळ्यात तप्त शहरांत येतात. फोनची बॅटरी लिथियमची. पंचेचाळीस अंशांच्या वर तिला चार्ज करणं धोक्याचं, म्हणून चांगला फोन तापल्यावर चार्जिंग स्वतःच थांबवतो. फ्लॅश बंद करतो, कॅमेराही बंद करतो. हा बिघाड नाही, फोन स्वतःला वाचवतो आहे. पण हजेरीची वेळ तर तीच असते. म्हणून उन्हाळ्यात फोन मोटरसायकलच्या हँडलवर उघडा लावू नका, ओल्या फडक्यात गुंडाळू नका, फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका, आत पाणी धरतं. सावली आणि वारा, एवढंच औषध. पाठीवरचं जाड कव्हर काढलं तरी फरक पडतो.

उन्हात पडदा दिसतो का, हेही दुकानाबाहेर येऊनच बघा. पडद्याचा उजेड ‘निट्स’मध्ये सांगतात. पाचशेच्या आतला पडदा भर उन्हात आरसा होतो. आणि रोवणीच्या दिवसांत ओल्या बोटांनी फोन ऐकतो का? दोन थेंब पाणी लावून बघा, दुकानदार रागावला तर रागावू द्या.

शेवटी दुरुस्ती. भामरागड किंवा सिरोंच्याहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. फोन बिघडला तर तो आठवडाभर गेला समजा. त्यामुळे ज्या कंपनीचा पडदा आणि चार्जिंगची पिन तुमच्या तालुक्याच्या बाजारात मिळते, ती कंपनी निम्मी लढाई तिथेच जिंकते. साठवण १२८ जीबी घ्या. ६४ मधले पंधरा-वीस फोन स्वतःच खातो, उरलेले व्हॉट्सॲपचे सुप्रभात खातात.

आणि एक फुकटचा उपाय. फोटो काढण्याआधी भिंग पुसा. खिशातला घाम आणि बोटाचं तेल यांचा पातळ थर बसतो आणि पन्नास मेगापिक्सेलचं धुकं होतं. मऊ सुती कापडाने पुसा. शेतातल्या मातीचं फडकं नको, त्याने ओरखडे पडतात.

प्रश्नोत्तरं

*सर, वाघाने गाय मारली तर फोटो कसा काढावा?*

आधी जिवाचं बघा. वाघ शिकारीवर परत येतो. एकट्याने जाऊ नका, झुडपांत शिरू नका. वनखात्याला लगेच कळवा, मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. फोटो लांबूनच काढा, आजूबाजूची ओळखता येईल अशी खूण, झाड किंवा विहीर, त्यात आली पाहिजे. पावलाचा ठसा सुरक्षित जागी असेल तर शेजारी काडेपेटी ठेवून वरून सरळ काढा, म्हणजे मोजमाप कळतं. पण फोटो हा आधार. पंचनामा खातंच करणार.

*५जी फोन घ्यावा का?*

तुमच्या गावात ५जी असेल आणि रॅम, साठवण कमी न करता मिळत असेल तर घ्या. नुसत्या ५जी च्या चिकटपट्टीसाठी ६ जीबी सोडून ४ जीबी घेऊ नका.

*सर, मी अंगणवाडीत आहे. तुम्ही सांगितलं ते सगळं मी बघून घेतलं, पण उद्या ॲप आणखी जड झालं तर? दर दोन वर्षांनी मीच फोन घ्यायचा का?*

नाही, ताई. आणि हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. मी जे सांगितलं ते स्वतःच्या पैशाने फोन घेणाऱ्याला सांगितलं. सरकारी कामाला फोन लागत असेल तर तो पुरवणं, दुरुस्त करणं आणि बदलणं ही काम सांगणाऱ्याची जबाबदारी आहे. शिवाय परीक्षा ॲपचीही झाली पाहिजे. ते ४ जीबीच्या फोनवर चालतं का? नेटवर्क नसताना नोंद जपून ठेवतं का? फोटो स्वतः लहान करतं का? मराठीत बोलतं का? माडिया बोलणाऱ्या आईला समजावून सांगता येईल इतकं सोपं आहे का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच पत्रक काढून सांगितलं की हजेरीच्या ॲपवर फोटोचेच फोटो आणि भलतेच फोटो चढवले जात आहेत. कॅमेरा लावला की खरेपणा आपोआप येतो, असं नसतं.

तुम्ही एक करा. फोन अडकला, फॉर्म कोरा झाला, की वहीत तारीख, वेळ आणि काय झालं ते लिहा. पडद्याचा फोटो काढता आला तर काढून ठेवा. २०२१ मध्ये सेविकांचं ऐकलं गेलं, कारण सगळ्यांची तक्रार एकच होती आणि ती एकदम मांडली गेली. तुमच्या वहीतली पानं आणि शेजारच्या गावातल्या ताईच्या वहीतली पानं जुळली, की मग ‘तुम्हाला फोन वापरता येत नाही’ असं कुणी म्हणणार नाही.

वेळ झाली आहे. बाहेर टेबलावर औषधाची रिकामी पट्टी आणि एक जुना सातबारा ठेवलाय. ज्यांना आपल्या फोनची परीक्षा आत्ताच घ्यायची आहे त्यांनी घ्या.